गुळाचा खडा

"हात सपाट ठेवा काका, बोटं जरा फाकवा,"
मी गुजरातीत सांगते.
तो फाकवतो. नखं रुंद, आखूड,
टाचेखाली आलेल्या बुचासारखी.
एरवी मी नखं बघत नाही. माझं काम आतलं.

डार्करूम गेली, फिल्म वाळवणं गेलं,
आता हात पडद्यावर लगेच उगवतो.
मनगट ठीक. तळवा ठीक.
शेवटच्या पेरात हाड सुरू होतं
आणि मध्येच थांबतं.
पलीकडे टोकाशी एक सुटा कण,
दोरा तुटल्यावर राहिलेला मणी.
एका नाही, सहा बोटांत.

थंडीत बोटं पांढरी पडतात, तो म्हणतो,
शर्टाची बटणं बायको लावते.
काम काय करायचात?
"टाकी घासायचो."

टाकी म्हणजे दोन पुरुष उंच लोखंडी पिंप.
त्यात गॅस शिजून पांढरी पूड होते,
पुडीचे पाइप, चपलांचे तळवे, रक्ताच्या पिशव्या.
शिजताना भिंतींना खरवड धरते.
(खरवड! दुधाच्या पातेल्यातली
आम्ही भावंडं भांडून खायचो.)
ही काढायला रामसंग पढियार
एकोणिसाव्या वर्षी वरच्या झाकणातून आत उतरला,
कमरेला दोरी, हातात खुरपं.
आत वास गोड होता, तो म्हणतो.
घाण नव्हता हं बेन. गोड.
डोकं हलकं व्हायचं. एक जण तर आत गायचा.

वर आल्यावर कंपनी गूळ द्यायची,
मुठीएवढा खडा.
गुळाने छाती साफ होते म्हणे.

मग तो माझा बिल्ला वाचतो, अक्षर अक्षर जोडत.
"पारसनीस? टाइम ऑफिसवाळा पारसनीस?"

बाबा.
निळी शाई, उजवीकडे कललेलं अक्षर.
आत किती वाजता, बाहेर किती वाजता.
नियम अर्ध्या तासाचा होता,
म्हणून वहीत अर्धाच तास असे,
रोज, प्रत्येकाचा.
उरलेला गूळ ते डब्यातून घरी आणत.
दांडिया बाजारातल्या आमच्या स्वयंपाकघरात
संक्रांतीला आई त्याच्याच पोळ्या करी.
मी तूप लावून चार चार खाल्ल्या आहेत.

"हो," मी म्हणते, "मुलगी."
"सारा माणस हता," तो म्हणतो.
"माझ्या लग्नाला पन्नास रुपये दिलेले."

मी पडद्याकडे बघते. मग काही तरी विचारायचं म्हणून
गावाचं विचारते.
गाव महीकडे, कंपनीच्या नाल्याला लागून.
बोअरचं पाणी चहाच्या रंगाचं येतं.
पितं कोण? ढोरं, आणि भिडस्त पाहुणे.
तो स्वतःच हसतो.
आता नळ आलाय, लांबून, करड्या पाइपातून,
"आपल्याच कंपनीचा पाइप," तो सांगतो,
आणि खरं सांगते, अभिमानाने सांगतो.

पोटाची सोनोग्राफी पुढच्या मंगळवारी आहे.
यकृताबद्दल मी बोलत नाही.
ते माझ्या खोलीतलं नाही.

फॉर्मवर, व्यवसाय या रकान्यात,
खिडकीवरच्या पोराने 'शेती' लिहिलंय.
मी खोडते. 'टाकी घासणे' लिहिते.
माझंही अक्षर उजवीकडे कलतं,
हे शाळेपासून सगळे सांगत आलेत.

"काका, आत किती वेळ असायचात? खरं."
"वहीत असेल ना."
"वही राहू द्या."

तो अंगठा करंगळीच्या मुळाशी ठेवतो,
पेरापेराने वर सरकत मोजू लागतो,
सकाळची एक, जेवणाआधीची एक,
रात्रपाळी असली तर,
शेवटच्या पेरावर अंगठा जरा अडखळतो,
पुन्हा मुळापासून सुरू करतो.

दारावर थाप. पुढचा पेशंट.
थांबा, मी ओरडते,
थांबा जरा, मोजणं चाललंय.